सुई, दोरा आणि खिडकी

शनिवार, रात्री

आज पहिल्यांदा कॅमेरा रॉवर ठेवून फोटो काढले. सकाळी आई खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होती. सुईत दोरा ओवताना तिने डोळे बारीक केले, ओठ घट्ट मिटले आणि मी शटर दाबलं. अकरा फोटो निघाले. सातवा पाहताक्षणी वाटलं, हाच. दिवसभरात तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी कितीदा तरी उघडून पाहिला.

संध्याकाळी लॅपटॉपवर डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि तोच फोटो त्यात उघडला. फिका, राखाडी, जीव नसलेला. फाइल बिघडली असं वाटून मी ती कार्डावरून पुन्हा उतरवली. तरी तसंच. बरंच वाचल्यावर उलगडा झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण रॉ बघतच नसतो. रॉ फाइलच्या पोटात एक छोटा जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो असतो, कॅमेऱ्याने स्वतःच्या पसंतीने रंग आणि उठाव देऊन तयार केलेला. दिवसभर मी त्याच्यावर खूश होते.

मग रॉ म्हणजे काय? सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला, त्याची नुसती नोंद. तीही एकाच रंगाची. प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी असते आणि चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी त्यांची मांडणी. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ सालचं. ठिपक्याचे उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून ठरवतं. म्हणजे आईच्या गालाचा जो रंग मला दिसतो, त्याचा दोन तृतीयांश भाग हिशेबाने काढलेला आहे. हे वाचल्यापासून त्या फिक्या फोटोचा राग गेला. तो अजून व्हायचा आहे, एवढंच.

रविवार

आज फक्त हिस्टोग्राम. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि जिथे ठिपके जास्त तिथे आलेख उंच. माझ्या फोटोत डावीकडे एक पसरट टेकडी आहे, ती खोली आणि आईचा चेहरा. उजव्या टोकाला आलेखाच्या कडेला चिकटलेला एक सरळ सुळका, ती खिडकी.

हायलाइटचा, म्हणजे सर्वांत उजळ भागांचा, स्लायडर खाली ओढल्यावर एक सुखद गोष्ट घडली. जेपेगमध्ये खिडकीची चौकट पांढऱ्यात विरघळली होती, ती परत आली. लाकडाची रेघ आणि कडीचा दांडा दिसू लागला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६,३८४. त्या मधल्या पायऱ्यांवर चौकट शाबूत होती.

पण चौकटीच्या आतला भाग काही केल्या उघडेना. स्लायडर आणखी खाली नेला तर पांढऱ्याचा राखाडी झाला, सपाट आणि रिकामा. तिथे सेन्सरचे ठिपके काठोकाठ भरले होते. भांडं भरून वाहू लागलं की किती पाणी सांडलं हे भांड्याकडे बघून सांगता येत नाही, तसं. तासभर मी वेगवेगळे स्लायडर हलवून बघितले. कुठेतरी काहीतरी लपलेलं असेल असं वाटत होतं. नाहीये.

सोमवार

दमून आले. फोटो कापून बघितला. मूळ ६००० बाय ४००० ठिपके, फक्त चेहरा आणि हात ठेवले तर ३००० बाय २०००. दोन्ही बाजू निम्म्या केल्या आणि २४ मेगापिक्सेलचे सहा उरले. पण त्याहून खटकलं ते असं की खिडकी कापल्यावर आई कशासाठी डोळे बारीक करते आहे तेच कळेना. पुन्हा पूर्ण फोटो. बरं आहे की इथे काहीच कायमचं होत नाही. सगळे बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात आणि मूळ रॉ तशीच राहते.

बुधवार, उशिरा

दोन संध्याकाळी रंगात गेल्या.

त्या सकाळी खोलीतला पिवळा दिवाही चालू होता. काढताना तो माझ्या लक्षातही आला नव्हता, कारण डोळे अशा गोष्टी आपसूक सांभाळून घेतात. कॅमेरा घेत नाही. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन, असा दिवा २७०० च्या आसपास. आईचा खिडकीकडचा गाल निळसर आला होता आणि दुसरा हळदीसारखा. रंगछटा सावरणारा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर पूर्ण फोटो एकाच दिशेने नेतो. निळा गाल ठीक केला की पिवळा नारिंगी होतो, पिवळा सावरला की निळा प्रेतासारखा दिसतो. हा शब्द लिहिताना हात अडखळला, पण खरंच तसं दिसलं आणि मी घाईने मागे आले.

उपाय मास्कमध्ये होता, म्हणजे बदल फोटोच्या ठरावीक भागापुरताच लावण्यात. रंग सावरायचं कलर कॅलिब्रेशन दोनदा लावायचं, एक पूर्ण फोटोसाठी आणि दुसरं फक्त दिव्याच्या बाजूपुरतं. मास्क ब्रशने रंगवला तेव्हा नाकावरून एक सरळ रेघ गेली, दोन चेहरे जोडल्यासारखी. कडेचा मऊपणा वाढवत गेले तसतशी ती रेघ कपाळ आणि गालात मुरून गेली. मंगळवारी एवढं साधलं आणि समाधानाने झोपले.

आज दुपारी उघडलं तर सगळा फोटो निळा. लॅपटॉपचा रात्रीचा मोड चालू राहिला होता. अंधार पडला की तो पडदा पिवळसर करतो आणि मी काल त्या पिवळ्या पडद्यावर त्वचेचा रंग जुळवत बसले होते. बदल पुसले. मोड बंद केला, खिडकीचा पडदा ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याआधी मात्र एक केलं. आई वाचत बसली होती, तिच्या शेजारी जाऊन तिचा हात दिवसाच्या उजेडात नीट पाहिला. बोटांच्या पेरांवर ती जास्त सावळी आहे, तळव्याकडे गुलाबी, आणि मनगटाशी जराशी हिरवट शीर. इतकी वर्षं हा हात बघते आहे, आणि हे रंग कधी वेगळे काढून पाहिले नव्हते. संध्याकाळी स्लायडर थांबवायचा कुठे याबद्दल शंका राहिली नाही.

गुरुवार

चेहरा अजून अंधारात आहे. सावल्या उचलल्या तर उजळतो, पण त्याबरोबर गालावर रंगीत रवाळपणा येतो. कारण समजून घेतलं. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे १६,३८४ पायऱ्यांतल्या निम्म्या सर्वांत उजळ स्टॉपलाच जातात. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा. पुढच्या स्टॉपला त्याच्या निम्म्या, मग त्याच्या निम्म्या. सहाव्या स्टॉपपर्यंत उतरलं की जेमतेम २५६ हाती लागतात, आणि तिथे मुळात उजेडच इतका थोडा पोचलेला असतो की नॉइज, म्हणजे तो रवाळपणा, वर येतो. आईचा चेहरा तिथेच कुठेतरी आहे.

म्हणून पूर्ण फोटो उजळायचा नाही असं ठरवलं. फक्त डोळे, भुवया, सुई धरलेली दोन बोटं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये या कामाच्या अवजाचं चिन्ह म्हणजे काडीवरची गोल चकती असते. डार्करूममध्ये कागदावर उजेड पडत असताना छपाई करणारे तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती हलवत राहायचे. तिच्या सावलीतला भाग कमी काळा व्हायचा. हलवत राहायचं ते चकतीची कड उमटू नये म्हणून. परवाचा माझा मऊ मास्क हेच तर करत होता! एका अनोळखी माणसाचा हात त्या चिन्हातून माझ्यापर्यंत पोचला असं वाटलं आणि फार बरं वाटलं.

शेवटी उजळलं ते अर्ध्या स्टॉपहून कमीच. एवढ्यानेही सुईचं टोक दिसायला लागलं.

शनिवार

भिंतीवर दोन करडे ठिपके होते. अकराही फोटोंत त्याच जागी, म्हणजे धूळ सेन्सरवरची. हीलने ते पुसले. शेजारचा पोत घेऊन ते अवजार जागा इतकी बेमालूम भरतं की हात थांबेना. मग आईच्या तर्जनीच्या टोकावरचे सुईने टोचल्याचे काळपट ठिपकेही गेले. कपाळावरची एक आठीही.

पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघितलं तर ते बोट कुणाचंही असू शकत होतं. धूळ सकाळी त्या खोलीत नव्हती, माझ्या कॅमेऱ्यात होती. ते ठिपके तिच्या बोटावर होते. दोन्ही बदल सॉफ्टवेअरने ठेवलेल्या बदलांच्या इतिहासात मागे जाऊन काढले. आठी परत आली तेव्हा तिचं सगळं लक्षही जणू सुईवर परत आलं.

रविवार

दुपारी आईला दाखवला. तिने चष्मा लावला आणि लॅपटॉप जवळ ओढला. मला वाटलं चेहऱ्याबद्दल काही म्हणेल. ती बराच वेळ गप्प राहिली, मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाहेर सगळं पांढरं का गं?"

मी सांगितलं की तिथे उजेड फार होता, कॅमेऱ्यात मावला नाही.

"त्या दिवशी फांदीवर दोन पक्षी भांडत होते. किती वेळ चाललं होतं. त्यांच्याकडे बघता बघता दोनदा दोरा चुकला माझा."

मला ते आठवत नाही. मी खिडकीकडे पाहिलंच नव्हतं. फाइल पुन्हा उघडली, तो पांढरा चौकोन मोठा करून पाहिला, आणि बंद केली.

आईच्या शर्टाचं आणखी एक बटण सैल झालंय, ते उद्या सकाळी लावू म्हणाली. मी दिवा बंद ठेवणार आहे. कॅमेरा स्टँडवर लावून एक फोटो चेहऱ्यासाठी आणि एक तीन स्टॉप कमी करून, खिडकीसाठी. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.