चोवीस नंबरची बाटली

फळमाश्यांच्या डीएनएचे पट्टे दाखवणारं जेल बघितल्यावर पहिला संशय स्वतःवरच आला. चोवीस नंबरच्या बाटलीत माझ्याच हलगर्जीपणाने कुठली तरी परकी माशी शिरली असणार.

फळमाश्यांच्या ४० लाइन, म्हणजे वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवलेले वंश, सुरू केल्या होत्या. दर पिढीत सख्खे भाऊ-बहीणच जुळवायचे. २५ अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस, म्हणजे सुट्ट्याही माश्याच ठरवणार. सातव्या-आठव्या पिढीपासून बाटल्या ओस पडू लागल्या. कुठे अंडी फुटेनात, कुठे नर वांझ. तेही अपेक्षितच होतं. अशा जुळवणीत बाराव्या पिढीपर्यंत हेटरोझायगोसिटी, म्हणजे जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचं प्रमाण, मूळच्या सातएक टक्क्यांवर येते.

आणि चोवीस नंबरच्या सोळाच्या सोळा माश्यांत दुसऱ्या गुणसूत्रावरच्या तीन शेजारी मार्करांना, म्हणजे डीएनएवरच्या खुणांना, दोन-दोन पट्टे, म्हणजे दोन वेगळ्या प्रती! पण परकी माशी असती, तर काहींना एक आणि काहींना दोन पट्टे दिसले असते, इतर गुणसूत्रांवरही गोंधळ दिसला असता. तिथे सगळीकडे एकच स्वच्छ पट्टा.

मॅडम म्हणाल्या, "अंडी मोज."

ओल्या ब्रशने शंभर अंडी काळ्या अगारवर दहा-दहाच्या रांगांत मांडली. दुसऱ्या दिवशी फुटलेल्यांची कवचं चपटी, पारदर्शक. न फुटलेली हळूहळू तपकिरी पडत गेली. काही अळ्या फुटूनही वाढल्या नाहीत. शेवटी माश्या निघाल्या ४७.

निम्म्या! म्हणजे जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर एकेक वेगळं घातक जनुक दडलेलं. एकाच प्रकारची दोन गुणसूत्रं आली की जीव जातो, वेगवेगळी आली तरच माशी जगते. हरमन मुलरने १९१८ मध्ये फळमाशीतच असा प्रकार उलगडला होता. घातक जनुक असलेल्या माश्यांचा स्टॉक टिकवायला आम्ही हीच युक्ती मुद्दाम वापरतो, इथे ती आपोआप जमली होती. अंतःप्रजननाने विविधता पुसायला निघालेले आम्ही, आणि इथे जिची विविधता पुसली गेली ती माशीच मरत होती.

पण दोन गुणसूत्रांत अदलाबदल होऊन हे जुगाड मोडलं कसं नाही? संध्याकाळी एका जाड अळीच्या लाळग्रंथी काढल्या, ऑर्सीन या रंगद्रव्याने रंगवल्या, काचेवर अंगठ्याने दाबल्या. पहिल्या दोन स्लाइड फुकट गेल्या. तिसरीत दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर स्पष्ट वेटोळं: एका गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला, आणि जोडीदाराशी जुळायला दोघांनी घातलेला फास. या उलट्या तुकड्यामुळेच अदलाबदल टिकत नव्हती.

मॅडमना हाक मारली. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग विचारलं, "तेरावी पिढी जुळवलीस का?"

जुळवली नव्हती.