१०८ म्हणजे किती?

मार्च महिन्यात हाती आलेल्या रिपोर्टवर रक्तातील साखरेचे तीन आकडे होते: उपाशीपोटी १०८, खाल्ल्यानंतर दोन तासांनी १३२ आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारे एचबीएवनसी ६.१. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यापुढे मर्यादा ओलांडल्याची चांदणी छापलेली होती, मधल्यापुढे नव्हती. फोंड्याजवळच्या मराठी शाळेत मी २६ वर्षे गणित शिकवले, तरीही एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या रक्ताचे तीन निकाल एकमेकांशी भांडताना पाहून मला काही सुचेना. डॉक्टरांनी ‘मधुमेहपूर्व अवस्था’ असा शब्द वापरला होता. घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘शुगर बॉर्डरवर आहे’ झाले आणि संध्याकाळी शेजारणीच्या तोंडी ‘बाईंना शुगर लागली’ इथपर्यंत मजल गेली. तिलाही दोष देता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, आमच्या गोव्यातच आढळले होते, आणि आमच्या वाड्यावर ज्या घरात ग्लुकोमीटर नाही असे घर शोधावेच लागेल.

उपाशीपोटीच्या आकड्याने पहिला गोंधळ घातला, कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका जुन्या रिपोर्टवरही माझी साखर १०७ होती आणि तेव्हा तिच्यापुढे चांदणी नव्हती. त्या प्रयोगशाळेने ‘७० ते ११०’ अशी सामान्य मर्यादा छापली होती, या वेळच्या प्रयोगशाळेने ‘७० ते १००’. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ साली मधुमेहपूर्व अवस्थेची खालची सीमा ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ती ११० वरच ठेवली, आणि १२६ पासून पुढे मधुमेह यावर दोघांचेही एकमत आहे. म्हणजे दोन वर्षांत माझ्या रक्तात फारसे काही घडलेच नव्हते, बदलली होती ती कागदावरची रेघ. हे कळल्यावर मला हायसे वाटले आणि लगेच रागही आला, कारण तेव्हाच कुणी सांगितले असते तर दोन वर्षे हाताशी मिळाली असती.

मधल्या आकड्यावर मी सर्वांत जास्त विसंबले आणि तोच सर्वांत कच्चा निघाला. १४० च्या खाली सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व आणि २०० पासून मधुमेह, ही मोजपट्टी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेल्या रक्तासाठी ठरवलेली आहे. आपण ज्याला ‘पीपी’ म्हणतो ती तपासणी मात्र आपापल्या न्याहारीनंतर होते, आणि त्या दिवशी घाबरून मी एक इडली आणि बिनसाखरेचा चहा एवढेच घेतले होते. एका इडलीवरच्या १३२ ने माझ्या शरीराची परीक्षा घेतलीच नव्हती. सोप्या पेपरात मिळालेले गुण होते ते.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचे प्रमाण. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा असतो. ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहपूर्व पट्टा आहे आणि ६.५ पासून मधुमेह धरला जातो, पण काही लक्षणे नसतील तर एकाच निकालावर ते ठरवत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. या टक्क्याला २८.७ ने गुणून त्यातून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते, माझ्या ६.१ चे उत्तर १२८ आले. उपाशीपोटी १०८ असताना सरासरी १२८ कशी, हा प्रश्न मलाही पडला होता, पण सरासरीत प्रत्येक जेवणानंतरचे चढही मोजलेले असतात. डॉक्टरांनी आणखी एका ओळीवर बोट ठेवले. माझे हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमी होते, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडे वाढलेले दिसू शकते. “बाई, आधी लोहाच्या गोळ्या घ्या, रोज अर्धा तास चाला, तीन महिन्यांनी ग्लुकोज पाजून नीट तपासू,” असे ते म्हणाले.

ते तीन महिने मी ग्लुकोमीटरच्या नादी लागले. पहिल्याच आठवड्यात एका मिनिटाच्या अंतराने ११८ आणि १०९ असे दोन आकडे आले आणि यंत्र बिघडले अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात चांगल्या यंत्रांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा आहे, म्हणून या यंत्रावर रोगनिदान करायचे नसते. मे महिन्यात मानकुराद आंबा चिरून मुलांपुढे ठेवला, स्वतः एक फोडही न खाता बोट टोचले, आणि पडद्यावर १९० आले. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसरे बोट टोचले तेव्हा १२१. आंब्याचा रस बोटावरच होता! रात्री ९६ आणि पहाटे ११० हे कोडेही बरेच दिवस सुटत नव्हते, कारण मधल्या वेळात मी फक्त झोपलेली असे. पहाटेच्या सुमारास शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, हे कळेपर्यंत मी रात्रीच्या जेवणावर उगाच संशय घेत राहिले.

उपयोगी पडली ती जोडीने घेतलेली मोजमापे: पहिल्या घासाआधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरे. उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे यांनंतर माझी साखर सरासरी ४८ ने चढली, तर पोदेराची (पाववाल्याची) एक पोयी म्हणजे कोंड्याचा पाव, मुगागाठी म्हणजे मोडाच्या मुगाची आमटी आणि तळलेला बांगडा यांनंतर २७ ने. पेज आजारी माणसाला सोसते म्हणून ती हलकी, ही आमची समजूत, आणि मऊ शिजलेले पातळ अन्न साखरेच्या दृष्टीने मात्र भरभर रक्तात उतरते. अर्थात हे माझ्या एकटीच्या बोटाचे उत्तर आहे. तुमच्या घरची पेज आणि तुमचे शरीर निराळे.

जून अखेरीस ग्लुकोजचा तो गोडमिट्ट पेला रिकामा करून दोन तास बाकावर बसून राहिले. उपाशीपोटी १०३, दोन तासांनी १५१, एचबीएवनसी ५.८. या वेळी तिन्ही आकडे एकाच पट्ट्यात बसले, आणि मार्चमधल्या १३२ चा दिलासा फोल होता हेही उघड झाले. ६.१ चे ५.८ चालण्याने झाले की लोहाच्या गोळ्यांनी, याची फोड करता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. चेन्नईहून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहार आणि व्यायामाने मधुमेहाकडे जाण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता, तेव्हा चालणे सोडायचे नाही एवढे ठरले आहे.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरात आहे. दिवाळीचे गोड फोव (पोहे) हिशोबात येऊ नयेत म्हणून ती आधीच उरकून घे, असे आमच्या घरून सुचवण्यात आले. पण दिवाळीआधी मोजले तर त्या तीन महिन्यांत चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) येतात.