आधी व्हाइस घे

घरच्या घरी रायफल बनवायची म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी पोलीस दिसतात. त्यात त्याचं काही चुकत नाही. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, बनवणं तर लांबच राहिलं. पण मी राहतो पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत. अठराव्या शतकात इथल्या जर्मन बोलणाऱ्या कारागिरांनी युरोपातल्या आखूड, जाडजूड शिकारी रायफलीला ओढून ताणून लांब आणि सडपातळ केलं. पुढे ती ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली; जन्म इथला आणि नाव भलत्याच राज्याचं, याचा इथल्या जुन्या मंडळींना अजून राग आहे. निवृत्त शिक्षक, दंतवैद्य, ट्रकचालक असे लोक हिवाळ्यात तळघरात बसून आजही तिच्या प्रतिकृती करतात. तोंडातून दारू भरायची, गजाने गोळी ठासायची, चकमकीच्या ठिणगीने बार काढायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असल्या बंदुका 1968च्या केंद्रीय कायद्यात पुरातन म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. राज्याराज्यांचे नियम मात्र निराळे. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात, की प्रकरण बरंच कडक होतं. पेनसिल्व्हेनियात उलट 1974पासून खास चकमकीच्या बंदुकांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो; हल्ली तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मला शिकारीत रस नाही. मला त्या लाकडात रस आहे.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी “परवाना कोण देणार तुला?” हे विचारून घेतलं. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात, त्यामुळे ठासणीची बंदूक त्यांना नवी नाही. तिकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरं आणि माकडं हाकलायला ती ठेवतात आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करतात.

“ठासणीची होय! मग रायफल कशाला म्हणतोस? नळीत गोळीला फिरवणारे आटे आहेत का?”

“आहेत.”

“कुणी पाडले?”

“नळी तयार मिळते, बाबा. कारखान्यातूनच येते.”

“आणि घोडा, चाप?”

“तेही किटमध्ये असतं.”

“मग तू काय करणार?”

हा प्रश्न मी त्यांच्या स्वभावातला खवचटपणा म्हणून सोडून दिला असता, पण अवजारांची यादी करायला बसलो आणि लक्षात आलं की सगळी यादी या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. किटचे प्रकार असतात. काहींत दस्त्याचं लाकूड यंत्राने इतकं कोरलेलं असतं की नळी आत अलगद बसते. दोन कानशी, पॉलिश पेपर आणि एक बरा स्क्रू ड्रायव्हर एवढ्यात भागतं. दुसऱ्या टोकाला मेपलची नुसती फळी येते, पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि करवतीपासून सुरुवात करायची. तिथे रंधे, पटाश्या, गोल पटाश्या, सुऱ्या, क्लँप असं लेंढार लागतं. त्याच्याही पलीकडे व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीतले बंदूककार वॉलेस गस्लर. त्यांनी 1960च्या दशकात अठराव्या शतकातल्या पद्धतीने भट्टीत लोखंडाची पट्टी गुंडाळून नळीसुद्धा स्वतः घडवली. एका रायफलीला शेकडो तास लागतात तिथे. त्या माणसाची अवजारांची यादी करायची तर पहिल्या ओळीत भाता लिहावा लागेल.

गंमत म्हणजे जुने लँकेस्टरवालेही सगळं स्वतः करत नव्हते. जेकब डिकर्टसारख्या नावाजलेल्या कारागिरांच्या काळातही चाप-घोड्याची यंत्रणा बरेचदा इंग्लंडमधून किंवा जर्मनीतून आयात व्हायची. ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांवर नळ्यांना भोकं पाडून मिळायची. प्रत्येकाने कुठेतरी रेघ ओढलेली होती, इथपर्यंत दुसऱ्याचं आणि इथून पुढे माझं. मी माझी रेघ दस्त्यावर ओढली. धातूचं काम जमेल तितकं दुसऱ्याने केलेलं, लाकूड जमेल तितकं माझं. मग कॅटलॉग वाचताना डोकं थोडं शांत झालं.

थोडंच. कारण अवजारांचा कॅटलॉग रात्री जेवणानंतर वाचू नये. त्यातली प्रत्येक पटाशी तुमच्यात दडलेल्या कुठल्यातरी महान कारागिराला उद्देशून लिहिलेली असते आणि त्या वेळी तो कारागीर जागा असतो. बायको एकदा नुसतं म्हणाली, “हे सगळं घेतलंस तर ती बंदूक सोन्याची करून मिळेल.”

बाबांचा सल्ला एका वाक्याचा होता. “आधी व्हाइस घे.” बाकी काही कमी-जास्त असलं तर चालतं, पण काम हललं की हात जातो आणि हात गेला की कानस जाते. व्हाइस म्हणजे काम जबड्यात घट्ट धरून ठेवणारा शिकंजा. तो दणकट हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे योग्य उंचीवर हवा. हे त्यांनी व्हिडिओ कॉलवर उभं राहून दाखवलं. मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर व्हाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. माझ्या गराजमधलं टेबल मागच्या मालकाने कुठल्यातरी बुटक्या माणसाच्या मापाने बनवलेलं होतं. मी आधी टेबलाच्या पायांखाली ठोकळे घातले आणि मग व्हाइस बसवला. जबड्यांना जाड चामडं लावलं, कारण मेपलवर एकदा लोखंडाचा दात उमटला की तो काढायला शेजारचंही लाकूड उतरवावं लागतं.

मग कानशी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाने फिटिंग शॉपमध्ये लोखंडाची पट्टी घासलेली असते. बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ ही नावं तिथे पहिल्यांदा कानावर पडली की मागच्या रांगेत खसखस पिकते. नंतर मास्तर गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरतात, फटीतून प्रकाश दिसला की जॉब परत. मला तेव्हा ती शिक्षा वाटायची. आता तेच हात उपयोगी पडले. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना सैल. दातांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू चोळायचा, अडकलाच तर तारेच्या ब्रशने काढायचा. अष्टकोनी नळीच्या पैलूंवर यंत्राच्या खुणा राहिलेल्या असतात, त्या कानस आडवी धरून ओढत ओढत साफ करायच्या. एवढं झालं की नळीचं काम संपलं. लोखंडासाठी दोन कानशी पुरल्या.

लाकडाची कानस हा मात्र वेगळाच विषय आहे आणि तिथे माझा हात सैल सुटला. इथले लोक निकल्सन कंपनीच्या 49 आणि 50 नंबरच्या कानशींची नावं देवाच्या नावासारखी घेतात. 49 भरड, 50 बारीक. त्यांचे दात मुद्दाम थोडे अस्ताव्यस्त पाडलेले असतात. रांगेत दात असले की लाकडावर रांगेत चरे पडतात, विस्कटलेले असले की एकाचा चरा दुसरा पुसून टाकतो. फ्रान्समध्ये ओरिऊ नावाचे लोक अजून एकेक दात हाताने, छिन्नी-हातोडीने उठवतात आणि त्याची किंमतही तशीच लावतात. मी 49 नंबर घेतला नाही. त्याचं काम किटवाल्याच्या यंत्राने केलेलं होतं. 50 घेतला आणि एक छोटी फ्रेंच घेतली, दस्त्याच्या मनगटासाठी. मनगट म्हणजे चापामागचा बारीक भाग, जिथे मूठ बसते. तिथे गोलाई कुठे संपवायची हे मापाने कळत नाही, तळव्याला कळतं. दोन घाव मारायचे, हात फिरवायचा, पुन्हा दोन. ही कानस लोण्यासारखी चालत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण तसं सगळीकडे लिहिलेलं असतं. कडक मेपलवर ती किरकिरते आणि पांढरं पीठ पाडते. पण मागे जो पृष्ठभाग राहतो तो जवळजवळ तयार असतो.

स्क्रू ड्रायव्हरवर कुणी विचार करत नाही, मीही केला नसता. घरातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. बंदुकीच्या स्क्रूची खाच मात्र सरळ भिंतींची आणि अरुंद असते. निमुळतं टोक त्या खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर लावला की वर सरकतं आणि खाचेचे ओठ कुरतडून जातं. तो ओरखडा नंतर सगळ्या रायफलीत पहिल्यांदा दिसतो. म्हणून समांतर टोकाचे वेगळे स्क्रू ड्रायव्हर मिळतात, प्रत्येक खाचेला जाडी-रुंदी जुळवून. बाबांचं मत असं की विकत घेणारा आळशी, साधा स्क्रू ड्रायव्हर ग्राइंडरवर हवा तसा घासता येतो. टूलरूमच्या माणसाकडे ग्राइंडर असतो. माझ्याकडे नाही. मी संच विकत घेतला आणि त्यांना पेटी दाखवली नाही.

पटाश्या दोनच, पाव इंची आणि तिच्या निम्मी. बाकीचा पैसा धार लावायच्या दगडांवर घातला. लॉकची, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रणेची, पट्टी लाकडात बसवताना कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जुनी युक्ती काजळीची. रॉकेलच्या दिव्याची वात वर करून धातूवर काजळी धरायची, पट्टी जागेवर ठेवून हलका ठोका द्यायचा आणि उचलायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथेच अडतंय. तेवढाच ठिपका पटाशीने कागदाइतका सोलायचा आणि पुन्हा काजळी. बाबांच्या टूलरूममध्ये हेच काम प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग करायचा, मार्किंगच्या सपाट पाट्यावर. हल्ली बाटलीतला काळा रंगही मिळतो. मी दिवाच घेतला. गराजमध्ये रॉकेलचा वास यायला लागला तेव्हा बायकोने खाली येऊन “गावाला आल्यासारखं वाटतंय” असं म्हटलं. ते कौतुक होतं की तक्रार, मी विचारलं नाही.

आणि एक अवजार असं की त्याच्याबद्दल कॅटलॉगमध्ये चार ओळीही नसतात. स्क्रेपर. पत्त्यापेक्षा थोडा मोठा, पोलादाचा सपाट तुकडा, बस. कड कानशीने सरळ करायची, दगडावर गुळगुळीत करायची, मग कडक पोलादाच्या गजाने ती दाबून वळवायची म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक आकडा तयार होतो. तो बोटाला लागतो. या रायफलींचं मेपल कर्ली असतं, म्हणजे त्याचे तंतू खालीवर लाटा घेत जातात आणि आडवे पट्टे दिसतात. त्याला टायगर मेपल असंही म्हणतात. या लाकडावर रंधा मारला तर एका लाटेवर तो सुरेख चालतो आणि पुढच्या लाटेवर खपली काढतो. स्क्रेपर अंगठ्यांनी किंचित वाकवून ढकलला की कांद्याच्या सालीसारखा पारदर्शक कीस निघतो आणि खपली निघत नाही. पॉलिश पेपरने लाकूड मऊ लागतं पण पट्टे धुरकट होतात. स्क्रेपरने ते आरपार दिसतात. सगळ्या यादीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू.

रंगासाठी नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं पाणी वापरतात, जुन्या लोकांचंच. ते तयार बाटलीत मिळतं आणि तयारच घ्यावं. लावून वाळलं की लाकूड आजारी माणसासारखं हिरवट-पिवळं दिसतं, आणि इथे नवशिक्याचा धीर सुटतो. मग हीट गन फिरवायची. झोताखाली ते हिरवट हळूहळू तांबूस तपकिरी होत सरकतं आणि पट्टे एकदम वर येतात. दार उघडं ठेवायचं, हातमोजे घालायचे. हीट गन नवी घ्यावी लागली नाही. बायकोने खिडक्यांचा जुना रंग काढायला आणली होती.

विजेवर फिरणारी ती छोटी हातातली यंत्रं मी घेतली नाहीत. त्यांनी काम झटकन होतं हे खरं, पण बिघडतंही तितक्याच झटकन, आणि दस्त्यात जास्तीचं निघालेलं लाकूड परत भरता येत नाही. शिवाय मी रेघ ओढताना लाकूड माझ्या वाट्याला ठेवलं होतं. तेही मोटरीला द्यायचं तर बाबांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आता विचार दुसऱ्या रायफलीचा चालला आहे, या वेळी फळीपासून. त्यासाठी गोल पटाश्या लागतील आणि त्या महाग आहेत. बाबांनी कळवलंय की लोखंडाची कानस बोथट झाली की फेकू नकोस, पोलाद चांगलं असतं, मी उन्हाळ्यात येतो, आपण तिचीच पटाशी करू. त्याला भट्टी लागेल. गराजमध्ये भट्टी लावण्याचा विषय घरात अजून काढलेला नाही.