पहिला रणगाडा

माझ्या दवाखान्यात, बाहेर लोक बसतात तिथे काचेच्या पेटीत एक रणगाडा ठेवलेला आहे, प्लॅस्टिकचे सुटे तुकडे जोडून केलेला, छोटा. पेशंट तो बघत बसतो, मग आत येतो, खुर्चीत आडवा होतो, मी त्याच्या तोंडात कापूस भरते आणि नेमकं तेव्हाच त्याला काहीतरी विचारायचं असतं. कापूस काढला की दाढ राहते बाजूला. "मॅडम, तो तुम्हीच केलाय? आमच्या पोरासाठी घ्यायचाय. पहिला कुठला घेऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "टायगरच घेतो ना?"

इंदूरच्या राजेंद्रनगरात प्रॅक्टिस सुरू करून एकवीस वर्षं झाली. दात किडू नयेत म्हणून काय करू, हे इतक्यांदा कुणी विचारलं नसेल. तर पहिला कुठला घ्यायचा, ते एकदाच नीट सांगते. टायगर नको. स्टुअर्ट घ्या.

टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा अवजड रणगाडा, देखणा आहे, वाद नाही. पण खोकं उघडण्याआधी त्याची चाकं मोजा. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, आणि ती सगळी एकमेकांत गुंफलेली. म्हणजे एका बाजूची २४, दोन्हीकडची ४८. तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यातून प्रत्येक चाक कापायचं, कापल्या जागेची गाठ घासायची, रबरी कड वेगळी रंगवायची आणि ठरलेल्या क्रमानंच बसवायचं. माझं पहिलं किट टायगरचंच होतं. आतल्या रांगेतलं एक चाक मी मधल्या रांगेत चिकटवलं, आणि ते कळलं कधी, तर सर्वांत बाहेरची रांग बसेना तेव्हा. तोवर गोंद पक्का झालेला. रात्री साडेअकराला मी दाढ काढायच्या चिमट्यानं ते चाक उपटलं, आस हातात आला. खऱ्या टायगरवाल्यांचीही याच चाकांनी परवड केली. रशियातल्या थंडीत चाकांमधला चिखल रात्रीत गोठायचा आणि गाडी जागची हलायची नाही. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी उतरवायची. माझा टायगर अजून माळ्यावर आहे, डाव्या कुशीवर.

स्टुअर्टला एका बाजूला चार चाकं, दोन-दोनच्या जोड्यांत. मागे जमिनीला टेकलेलं एक मोठं चाक, पुढे दात्यांचं चक्र, वर तीन छोटे रूळ. एका संध्याकाळचं काम. अमेरिकन बनावटीचा, साधारण १५ टनांचा, चार माणसांचा हलका रणगाडा. तोफ ३७ मिलिमीटरची, तिच्यानं जर्मनांचे मोठे रणगाडे फुटत नसत. ब्रिटिशांनी त्याला अमेरिकन यादवी युद्धातल्या एका सेनापतीचं नाव दिलं, त्यांचे शिपाई मात्र त्याला लाडानं 'हनी' म्हणायचे. त्यातला एम५ हा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. त्यात चक्क कॅडिलॅक मोटारीची दोन इंजिनं आहेत, तीही ऑटोमॅटिक गिअरची. ती मावावीत म्हणून मागची पाठ उंच केली आहे. खोक्यावरच्या चित्रात आधीचा एम३ आणि हा एम५ वेगळे ओळखायचे तर ते कुबड बघायचं.

पण चाकं कमी हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं झोजिलाचं.

१९४८ साली, काश्मीरसाठीच्या भारत-पाकिस्तान युद्धात, लेहकडची वाट झोजिला खिंडीत अडली होती. सप्टेंबरमधला आपला हल्ला फसला होता. मग ठरलं की खिंडीत रणगाडे चढवायचे. साडेअकरा हजार फुटांवर, तेही थंडी तोंडावर आलेली असताना! आपल्या सैन्याच्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टरेट (तोफेचा फिरता घुमट) उतरवून, सुटे करून श्रीनगरमार्गे वर नेले. पूल इतके कच्चे की रणगाडे दोरखंडांनी ओढून पार करावे लागले. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीनं, खेचरांची पायवाट रुंद केली. मुहूर्त २० ऑक्टोबरचा होता, तो हवेपायी पुढे गेला. १ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत घुसले. समोरच्यांना इथे रणगाडा दिसेल असं स्वप्नातही वाटलं नसणार. जनरल थिमय्यांची ही मोहीम महूच्या एका निवृत्त कर्नलांनी मला पहिल्यांदा सांगितली, रूट कॅनालच्या तीन बैठकांत, हप्त्याहप्त्यानं.

ते ऐकल्यावर किटकडे बघायची माझी नजरच बदलली. जो रणगाडा खरोखर सुटा करून नेला आणि वर जाऊन पुन्हा जोडला, तोच टेबलावर सुट्या तुकड्यांत पडलेला. टायगरचं असं काही माझ्याकडे नाही. तो फक्त मोठा आहे.

आता खरेदी. प्रमाण १:३५ घ्या, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. यात स्टुअर्ट जेमतेम १४ सेंटिमीटरचा होतो, टूथब्रशपेक्षा आखूड. हा ३५ आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी कंपनीनं मोटरवर चालणारा पँथर या जर्मन रणगाड्याचा किट काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावतील एवढं माप धरलं आणि पुढे तेच रूढ झालं. खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. नव्या चकचकीत खोक्यात सत्तरच्या दशकातला साचा निघू शकतो. साचा कधीचा, आणि आतल्या फ्रेम दिसतात कशा, हे आधी शोधा. जुना साचा वाईटच असं नाही, पण त्याच्या फटी बुजवायला पुटी जास्त लागते.

गोंदाबद्दल माझं कुणी ऐकत नाही. फेव्हिक्विक नको. त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरी धूळ धरते, आणि तुकडा वाकडा बसला तर सरळ करायला सवड मिळत नाही. या कामाचा पातळ गोंद वेगळा असतो. तो चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. तुकडे आधी जुळवायचे, मग फटीला ब्रश टेकवायचा, गोंद आपोआप आत ओढला जातो. खिडकी मात्र उघडी ठेवा. घासायला मी दातांच्या फिलिंगला पॉलिश करायच्या पट्ट्या वापरते. तुमच्या डेंटिस्टकडे मागा, देईल. अँटेनासाठी तार आणू नका. उरलेल्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की अलगद ओढायचा, केसाएवढा बारीक धागा निघतो. पहिल्या दहा वेळा तुटतो.

रंग ऑलिव्ह हिरवा. सुकला की तेलरंगातला गडद तपकिरी टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून खाचांत सोडायचा. दातांत किडीची रेघ जिथे धरते तशाच जागा धुंडायच्या. इथे लोक फार वाहवत जातात. चार वर्षांच्या लढाईतला रणगाडा विहिरीतून काढल्यासारखा गंजवतात.

आणि माती! आपल्या माळव्याची काळी माती चाळून फेव्हिकॉलमध्ये कालवली की झकास चिखल होतो, म्हणून मी तो थापला. मग हिशेब केला. एक मिलिमीटरचा कण ३५ पट केला की साडेतीन सेंटिमीटरचा दगड. शिवाय झोजिलात काळी माती कुठून येणार? सगळं खरवडलं आणि बर्फ केला, खाण्याच्या सोड्याचा. दिवाळीत पांढराशुभ्र होता. पावसाळ्यापर्यंत पिवळा पडला. पेशंटना दात पिवळे का पडतात ते समजावून सांगणारी मी, माझ्याच दारात पिवळी खिंड. सासूबाई म्हणाल्या, "त्यालाही क्लीनिंग करून घे गं." नंतर मॉडेलवाल्यांचा काचेच्या भुकटीचा बर्फ मागवला. तो टिकलाय.

गेल्या मंगळवारी तारा आवळायला एक नववीतला मुलगा आला. स्टुअर्टच घेतला होता, आईला न जुमानता. दप्तरातून डबा काढला. चाकं सरळ, पट्टा ताठ. फक्त टरेटवर गोंदाळलेल्या अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा दिसणारा.

"काकू, हे घासून जाईल?"

"जाईल. आधी पूर्ण वाळू दे. दोन दिवस हात लावू नकोस."

"आणि टरेट चिकटवून टाकू का? सारखं निघतंय."

चिकटवू नकोस म्हटलं, ते निघायलाच हवं. कवळ्या ठेवायचा एक रिकामा डबा दिला त्याला, टरेटसाठी. तारा आवळताना त्यानं तो हातातच धरून ठेवला होता.