कॅम्पसच्या मधून जाणारा रस्ता

पुण्यात एखाद्या मोठ्या कंपनीचे कार्यालयीन संकुल येणार अशी चर्चा सुरू झाली की ‘नगरसेवक याला मान्यता देणार का’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की नगरसेवक इमारतीच्या नकाशावर मतदान करतच नाहीत. तो नकाशा बांधकाम विभागाकडे जातो, डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तपासला जातो आणि नियमांत बसत असेल तर मंजूर होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये तर अशी तरतूद आहे की, प्रस्ताव नियमांना धरून असेल आणि 60 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असेच समजायचे. पर्यावरण मंजुरीची स्थिती याहून निराळी नाही. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला ती घ्यावी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. म्हणजे दहा हजार माणसे रोज जिथे येणार, त्या संकुलाबद्दल शेजाऱ्यांना काय वाटते हे विचारण्याची सक्ती या वाटेवर कुठेही नाही.

मग विषय सभागृहात येतो तो कधी? बहुधा विकास आराखड्याला, म्हणजे पुढचे रस्ते आणि आरक्षणे कुठे असतील हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशाला, हात लावायचा असेल तेव्हा. शहराच्या पूर्व भागात, आम्ही राहतो त्या बाजूला, सध्या नेमके हेच घडते आहे. संकुलासाठी घेतलेल्या जागेच्या मधोमध आराखड्यातील एक डीपी रस्ता जातो. अजून तो कागदावरच आहे, जमिनीवर गवत आणि दोन बोअरवेल आहेत. जागेचे दोन तुकडे झाले तर एकसंध कॅम्पस होत नाही, म्हणून हा रस्ता उचलून जागेच्या हद्दीवर न्यावा असा प्रस्ताव आहे. त्यासाठी अधिनियमाच्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल करावा लागतो. विषय आधी शहर सुधारणा समितीपुढे येतो आणि तिथून मुख्य सभेकडे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेकडे जातो. सभेने ठराव केला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शेवटी प्रस्ताव राज्य सरकारच्या नगरविकास विभागाकडे मंजुरीला जातो. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पुण्याला कित्येक वर्षे सभागृहच नव्हते आणि मुख्य सभेचे अधिकारही प्रशासकच वापरत होते. त्यामुळे असा विषय समितीत चर्चेला येतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

चर्चेचा रोख मात्र चुकतो आहे, असे माझे मत आहे. परिसरातील बहुतेक सोसायट्यांनी तयार केलेल्या निवेदनांत पहिला मुद्दा पाण्याचा आहे. टँकरवर महिन्याला खर्च करणाऱ्या माणसाला तो सुचणे स्वाभाविक आहे, पण हिशेब करून पाहावा. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी दरडोई दररोज 45 लिटर पाणी धरतात, घरासाठी सर्वसाधारणपणे 135 लिटर धरले जाते. दहा हजार कर्मचाऱ्यांना रोज साडेचार लाख लिटर लागेल, म्हणजे सुमारे 3,300 रहिवाशांना लागते तितके. त्याच जागेवर गृहप्रकल्प झाला असता तर पाण्याची मागणी बहुधा याहून जास्तच निघाली असती आणि त्याला कोणी हरकत घेतली नसती.

खरा भार रस्त्यावर पडणार आहे. राहती माणसे दिवसभरात विखरून बाहेर पडतात, कार्यालयाची माणसे सकाळी दीड तासात येतात आणि संध्याकाळी दीड तासात जातात. नियमावली वाहनतळाचे गणित भूखंडाच्या आत मांडते. किती क्षेत्राला किती मोटारी आणि किती दुचाकी, हे तिने ठरवून दिले आहे. त्या मोटारी फाटकाबाहेर आल्यावर कुठे जाणार, हे तिच्या तक्त्यात नाही. शिवाय मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) 1.1 असला तरी त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा निर्देशांक, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि बिगरनिवासी इमारतींना 80 टक्क्यांपर्यंत मिळणारे अनुषंगिक (पूरक) क्षेत्र असे थर चढत जातात. जमीन तेवढीच राहते, माणसे वाढतात आणि रस्ता मात्र आराखड्यात काढला होता तेवढाच.

म्हणून रस्ता हलवण्याच्या या प्रस्तावाकडे बारकाईने पाहायला हवे. प्रस्तावासोबतच्या नकाशात मूळ रस्ता लाल तुटक रेषेने आणि नवा निळ्या रेषेने दाखवला आहे. लाल रेषा दोन मोठ्या रस्त्यांना सरळ जोडते, निळी रेषा जागेला वळसा घालते आणि तिला दोन काटकोनी वळणे आहेत. रुंदी कायम ठेवली आहे, असे प्रस्तावात ठळकपणे म्हटले आहे आणि ते खरेही आहे. पण बारा मीटर लांबीची पीएमपीची बस काटकोनात वळते तेव्हा समोरची मार्गिका अडवल्याशिवाय वळत नाही, आणि ते वळण संकुलाच्या फाटकालाच लागून आहे. दुसरी बाब मला नकाशापेक्षा नोटीशीच्या मसुद्यातील सर्व्हे नंबरांवरून लक्षात आली. हद्दीवरच्या रस्त्याची काही रुंदी शेजारच्या दोन हिश्शांतून घेतली जाणार आहे. मूळ रस्ता पूर्णपणे संकुलाच्या जागेतून जात होता. म्हणजे एकाची जागा मोकळी करताना दुसऱ्यांच्या जागेवर रेघ पडते आहे, आणि त्यांनी ताबा दिला नाही तर भूसंपादनाची नेहमीची रखडपट्टी सुरू होऊन पुण्यातील मिसिंग लिंकच्या, म्हणजे मधला तुकडा राहून गेलेल्या रस्त्यांच्या, यादीत आणखी एकीची भर पडेल. या शहरात शंभर-दीडशे मीटरसाठी रस्ता वर्षानुवर्षे कसा अडून राहतो, हे सांगायला नको.

संकुल येऊच नये असे मी म्हणत नाही. नोकऱ्या शहराच्या हद्दीत याव्यात, त्यातून मिळकतकर महापालिकेला मिळावा, हे हिंजवडीच्या अनुभवानंतर अधिकच पटते. तिथे भूखंड एमआयडीसीचे, भोवतालची गावे ग्रामपंचायतींची आणि रस्ते आणखी कोणाचे, अशा वाटणीत रोजची कोंडी कोणाच्याच खात्यावर पडत नाही. इथे निदान जाब विचारायला एकच दार आहे.

समितीने प्रस्ताव दफ्तरी दाखल करावा, म्हणजे बासनात गुंडाळावा, अशी मागणी काही जण करत आहेत. मला उपसूचना, म्हणजे प्रस्तावातच दुरुस्ती, अधिक उपयोगाची वाटते. रस्ता हलवायचाच असेल तर संपूर्ण रुंदी संकुलाच्या जागेतूनच घ्यावी, वळणे काटकोनी न ठेवता गोलाई देऊन आखावीत, आणि मुख्य म्हणजे रस्ता बांधून महापालिकेच्या ताब्यात दिल्याशिवाय कोणत्याही इमारतीला अंशतःसुद्धा भोगवटा पत्र (इमारत वापरण्याची परवानगी) देऊ नये, ही अट ठरावाच्या मजकुरातच घालावी. सभागृहात तोंडी दिलेल्या आश्वासनाचा पुढे भोगवटा पत्राच्या फायलीशी संबंध उरत नाही, ठरावातील अटीचा उरतो.

ठराव झाला आणि नोटीस निघाली की हरकतींसाठी मोजकी मुदत मिळेल. सह्यांचे एकच मोठे निवेदन देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या नावाने, सर्व्हे नंबर आणि रस्त्याची रुंदी नमूद करून स्वतंत्र हरकत लिहावी, म्हणजे सुनावणीला प्रत्येकाला बोलावणे भाग पडते. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. माझ्या हरकतीचा मसुदा तयार आहे. ज्यांना आधार म्हणून हवा असेल त्यांना देईन, मात्र तो जसाच्या तसा उतरवू नये, कारण एकसारख्या मजकुराच्या हरकती सुनावणीत एकत्र बांधून एकाच उत्तरात निकाली काढल्या जातात.