तारापूर १९६९चं, मग अणुवीज एवढीशीच का?

तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी केली म्हटलं की हा प्रश्न येतोच. परवा बोईसर स्टेशनवर एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, "काका, तारापूर १९६९ला सुरू झालं, तरी देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच कसा?" तेवढ्यात डहाणू लोकल आली आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आपण बनवल्याच नव्हत्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं त्या उभ्या करून दिल्या, त्यांचं इंधन, म्हणजे समृद्ध (सहज फुटणारा भाग वाढवलेलं) युरेनियमही तिकडूनच यायचं. होमी भाभांचा आराखडा वेगळा होता: आधी आपलं नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी, त्यामुळे साधं युरेनियमही भट्टीत चालतं), मग त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवरच्या भट्ट्या, शेवटी थोरियम. त्यातल्या पहिल्या पायरीसाठी राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाची मदत घेतली. १८ मे १९७४ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि कॅनडानं हात काढून घेतला. दुसरी भट्टी तेव्हा अर्धवट होती. ती आपल्याच माणसांनी पुरी केली, पण १९८१ उजाडलं.

एवढा वेळ कशात जातो? शाळेची मुलं आली की मी त्यांच्या हातात इंधनाचं डमी बंडल द्यायचो. जेमतेम अर्धा मीटर लांब, पण खरं बंडल पंधरा किलोच्या वर भरतं. झिर्कलॉय या मिश्रधातूच्या १९ बारीक नळ्या, प्रत्येकीत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या एकापुढे एक भरलेल्या. २२० मेगावॉटच्या एका भट्टीत अशी ३,६७२ बंडलं, ३०६ वाहिन्यांत. भट्टी चालू असतानाच एका टोकाचं यंत्र नवं बंडल आत सारतं आणि दुसऱ्या टोकाचं जुनं काढून घेतं. नळी असो, ते यंत्र असो की जड पाणी, सगळं इथेच करायला शिकावं लागलं. जड पाण्याचा एक कारखाना तर आपल्या रायगडात, थळला आहे.

१९८३ला तमिळनाडूतल्या कल्पक्कमची भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहू लागली; ती आपणच बांधलेली. तारापूरची ५४० मेगावॉटची चौथी भट्टी २००५ची, काक्रापारची ७०० मेगावॉटची पहिली २०२०ची. मधे युरेनियमच कमी पडलं. २००८मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला युरेनियम विकायची सूट देईपर्यंत चांगल्या भट्ट्या कमी क्षमतेवर चालवाव्या लागल्या. ते बघणं फार जड जायचं.

विकत घेत राहिलो असतो तर कदाचित आकडा मोठा दिसला असता. पण समोरच्यानं इंधन अडवलं की सगळं ठप्प. मला हाच रस्ता बरोबर वाटतो.

त्या मुलाला आणखी एक सांगायचं होतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना गाव सोडावं लागलं. आमच्या विजेच्या हिशेबात त्यांची घरंही आहेत.