सात नंबरची खुर्ची आणि नववी इनिंग

डायलिसिस युनिटमध्ये सोमवार हा वाईट वार. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले पेशंट शुक्रवारी जातात ते थेट सोमवारी येतात. मध्ये दोन दिवस मोकळे, आणि त्या दोन दिवसांचं पाणी, मीठ, पोटॅशियम सगळं अंगात साठलेलं. पाय सुजलेले, धाप लागलेली, काट्यावर तीन-तीन, चार-चार किलो जास्त. म्हणून सोमवारी मी डबा लवकर खाऊन घेते. दुपारी जमेल याची खात्री नसते.

३० सप्टेंबर २०२४ हा असाच सोमवार होता. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये नर्स आहे. मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथलंच. पेशंटची नावं इथे सांगता येत नाहीत, तसा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. म्हणून खुर्चीच्या नंबरानं सांगते. तसंही युनिटमध्ये आम्ही आपसांत असंच बोलतो.

क्वीन्स म्हणजे मेट्सचं गाव. बेसबॉलची ही टीम १९६२ सालची. वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९६९ आणि १९८६ साली, आणि त्यानंतर नुसती आशा. सात नंबरच्या ट्रेननं गेलं की सिटी फील्ड हे त्यांचं मैदान खिडकीतून दिसतं. माझ्या पेशंटांपैकी निम्मे तरी मेट्सचे, आणि मेट्सचा माणूस लगेच ओळखू येतो. त्याला आनंद झाला की तो आधी घाबरतो.

त्या वर्षी घाबरायला कारणही होतं. सीझनची सुरुवात लागोपाठ पाच पराभवांनी झाली. जूनच्या सुरुवातीला २४ विजय आणि ३५ पराभव. मग काय झालं देव जाणे. कुणी म्हणतं टीमची मीटिंग झाली म्हणून, कुणी म्हणतं मॅकडोनाल्डचा तो जांभळा बाहुला ग्रिमेस मैदानात येऊन पहिला बॉल टाकून गेला म्हणून. जिंकायला लागले आणि थांबेचनात. १६२ मॅचचा सीझन रविवारी, २९ तारखेला संपायचा होता, पण हेलीन चक्रीवादळामुळे अटलांटातल्या दोन मॅच राहिल्या होत्या. त्या दोन्ही सोमवारी, एकाच दिवशी, अटलांटा ब्रेव्ह्जबरोबर. मेट्स मिलवॉकीला खेळून तिथून अटलांटाला आले होते. हिशोब असा की दोन्ही टीमनी एकेक मॅच जिंकली तर दोघी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, आणि तिसरी टीम ॲरिझोना घरी. एकीनं दोन्ही जिंकल्या तर हरलेली घरी आणि ॲरिझोना आत. हे मला सात नंबरनं पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं होतं, डाव्या हातात सुया असताना उजव्या हातानं.

सात नंबर पोर्तो रिकोचे आजोबा. मला 'मीहा' म्हणतात, म्हणजे आपलं 'पोरी'. मेट्सचा शॉर्टस्टॉप (मैदानातली फील्डिंगची एक जागा) फ्रान्सिस्को लिंडोर पोर्तो रिकोचा, तेव्हा शेवटी बॉल टाकायला येणारा एडविन डियाझही तिथलाच, म्हणून ही दोघं त्यांची घरचीच मुलं. आजोबांचं आणि माझं तीन वर्षांचं एकच भांडण. चार तास पूर्ण करायचे नाहीत. साडेतीन तास झाले की सुरू, "मीहा, काढ आता." पाठ दुखते, बस चुकेल, बायको वाट बघते. कारणं खरीही असतात. पण अर्धा तास कमी म्हणजे तेवढं विष अंगात राहणार, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. फॉर्मवर त्यांची सही घ्यायची आणि सोडायचं, दर आठवड्याला एकदा तरी.

त्या दिवशी त्यांना बाराला दहा मिनिटं कमी असताना मशीनवर घेतलं. फिस्चुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, पंधरा गेजच्या दोन सुया, पंप चारशेवर. म्हणजे मिनिटाला चारशे मिली रक्त बाहेर जातं आणि धुऊन परत येतं. मॅच एकच्या सुमारास सुरू झाली. प्रत्येक खुर्चीला छोटा टीव्ही आहे, लोखंडी हातावर लटकलेला. एरवी एकावर स्वयंपाक, एकावर कोर्टाचा कार्यक्रम, एकावर स्पॅनिश मालिका. त्या दुपारी नऊ टीव्हींवर तेच हिरवं मैदान.

टीव्ही नव्हता तो फक्त अकरा नंबरला. ते निवृत्त बस ड्रायव्हर, मधुमेहानं आधी डोळे नेले, मग किडन्या. त्यांच्याकडे खिशातला जुना रेडिओ आणि एका कानात इअरफोन. दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगलाच आमच्या लक्षात आलं की रेडिओ टीव्हीच्या पुढे आहे. काही सेकंदच, पण पुढे. बॉल टीव्हीवर अजून पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हातात असायचा आणि अकरा नंबरच्या ओठांचा कोपरा खाली गेलेला असायचा. हळूहळू समोरची सगळी रांग टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांच्या तोंडावर बाकीचे मॅच बघत होते.

मॅचला नऊ इनिंग असतात. सात इनिंगपर्यंत बघण्यासारखं काही नव्हतं. ब्रेव्ह्ज ३, मेट्स शून्य. तीन नंबर यांकीजचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमचा माणूस, ब्राँक्सचा. त्याची टीम आधीच डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकून बसलेली, त्यामुळे तो फार प्रेमळपणे सगळ्यांची समजूत काढत होता. ते ऐकून दोघांचं बीपी वाढलं असावं.

आठव्या इनिंगला अकरा नंबर ताठ बसले. मग तोंड उघडलं. मग हसले. मेट्सनी एकाच इनिंगमध्ये सहा रन काढले, शेवटचे दोन ब्रँडन निम्मोच्या होम रनवर. होम रन म्हणजे आपला सिक्सरच, फक्त मारणाऱ्याचा एक आणि बेसवर (धावताना थांबायच्या टप्प्यांवर) जेवढे उभे तेवढे, असे सगळे रन मिळतात. ६-३. अर्ध्या तासाचं बीपी घेण्याची तेव्हाच वेळ झाली आणि सात नंबरच्या मशीननं वरचा आकडा १७८ दाखवला. डायलिसिसच्या शेवटी बीपी बहुतेकदा उतरतं, चढत नाही. मी पाच मिनिटांनी परत घेतलं आणि नोंद केली: पेशंट टीव्ही बघत आहे.

दहा मिनिटांत ब्रेव्ह्जनी उलटा डाव टाकला. डियाझ बॉल टाकायला आला. एक साधा बॉल पहिल्या बेसकडे गेला, तिथं पिचरनं धावत जाऊन उभं राहायचं असतं, तो गेलाच नाही. ब्रेव्ह्जचे चार रन झाले, त्यातले तीन ओझी अल्बीसच्या एकाच फटक्यावर. ७-६, ब्रेव्ह्ज पुढे. अकरा नंबरनी कानातून इअरफोन काढून मांडीवर ठेवला. टीव्हीवर बॉल अजून टाकायचा होता, पण रांगेला कळलं. आजोबा स्पॅनिशमध्ये डियाझला काहीतरी म्हणाले. मला बरीच स्पॅनिश येते आता. ते इथे लिहीत नाही.

आणि नेमकं तेव्हा मशीन वाजलं. सात नंबरचे चार तास पूर्ण.

बाहेर पुढचा पेशंट उभा. रिचमंड हिलचे सरदारजी, टॅक्सी चालवतात, तिसऱ्या पाळीला त्यांचीही तीच खुर्ची. खुर्ची पुसून, मशीन नव्यानं लावून द्यायला वेळ लागतो. एक खुर्ची उशिरा सुटली की रात्री सगळं युनिट उशिरा. मी ग्लोव्ह्ज चढवले. आजोबा म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"आत्ता काढू नकोस. मी उठलो की हरतील."

तीन वर्षं मला "काढ" म्हणणारा माणूस!

आता मी समजूतदार बाईसारखं काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी ज्या घरात वाढले तिथं १९९८ साली, शारजात वाळूचं वादळ आलं त्या रात्री, आत्या पाणी प्यायला उठली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच अडकली होती. सचिननं तेवढ्यात सिक्सर मारला आणि बाबा ओरडले, "आक्के, हलू नकोस तिथनं!" आत्या सचिन आऊट होईपर्यंत उंबऱ्यावर, पायाला मुंग्या येऊन. ती मॅच आपण हरलो, पण फायनलला गेलो, आणि त्याचं श्रेय आत्यानं पुढं कितीतरी वर्षं सोडलं नाही.

मी दाराकडे बघितलं. सरदारजींनी काचेतून हात हलवला आणि हिंदीत म्हणाले, "बैठने दो दीदी, हिलना मत बोलो." ते मेट्सचे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी पाणी काढणं बंद केलं, रक्त फिरतं ठेवलं. त्यात अपाय काही नव्हता, पण मॅनेजर फिरकली असती तर मला धड उत्तर देता आलं नसतं.

नववी इनिंग. एक आऊट झाला होता, मेट्सचा मार्टे बेसवर, बॅटिंगला लिंडोर. पाठीच्या दुखण्यानं हा बरेच दिवस बाहेर होता, नुकताच परतलेला. अकरा नंबरनी इअरफोन परत कानात घातला होता. मी सात नंबरच्या डाव्या बाजूला, हातात गॉझ. मला अकरा नंबरचा चेहरा सरळ दिसत होता.

आधी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी उजवा हात, बिनसुईचा, सावकाश वर उचलला आणि मूठ वळली. टीव्हीवर लिंडोर अजून बॅट खांद्यावर घेऊन उभा होता.

रांगेतून एक आवाज आला, ओरडणं नाही, श्वास आत घेतल्यासारखा. आणि मग टीव्हीवर बॉल गेला.

तो होम रन मी बघितला नाही. आजोबांनी दोन्ही हात वर फेकले आणि मी त्यांच्या डाव्या हातावर झडप घातली. मशीन लाल. त्याच वेळी चार नंबर लाल, सहा लाल, नऊ लाल. चार अलार्म एकदम वाजताना मी या नोकरीत कधी ऐकले नव्हते. हात हलला, सुई टोचली किंवा नळी मुडपली की प्रेशर बदलतं आणि पंप थांबतो, एवढंच ते असतं बहुतेक वेळा. पण एखादी सुई निसटलेली असली तर मिनिटाला चारशे मिलीनं रक्त जमिनीवर जातं. मी टेप बघत होते. आजोबांच्या खालच्या सुईची टेप एका कडेनं उचलली होती, सुई मात्र जागेवर. एक थेंबही नाही. माझी जोडीदार नर्स चार आणि सहाकडे धावली, मी नऊकडे. सगळ्या सुया जागेवर. यांकीजवाला सुद्धा टाळ्या वाजवत होता, एका हातानं, मांडीवर.

८-७. डियाझच परत आला आणि यावेळी त्यानं काम पुरं केलं. शेवटचा आऊट झाल्यावर आजोबांनी डोळे पुसले आणि हात माझ्यासमोर धरला. "काढ आता, मीहा."

सुया काढल्यावर भोकांवर दहा मिनिटं दाबून धरावं लागतं. ते रोज स्वतःच धरतात. त्या दिवशी बोटं थरथरत होती म्हणून मी धरलं. गॉझखाली फिस्चुलाची ती घरघर बोटांना लागते, मांजरासारखी. त्या दिवशी ती फार जोरात चालली होती. ते एकटेच बोलत होते. उद्या मिलवॉकी. दोन जिंकायच्या तीनपैकी. मग फिलाडेल्फिया. मग कदाचित इथे, सिटी फील्डला, ऑक्टोबरात. त्यांच्या तोंडून पुढच्या आठवड्याचं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी ते बुधवारच्या पुढे बोलत नाहीत.

सरदारजी पंचवीस मिनिटं उशिरा बसले. दुसरी मॅच त्यांनी बघितली. मेट्स ३-० हरले. त्या निकालानं ब्रेव्ह्जही आत गेले, ॲरिझोना बाहेर, आणि आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. अकरा नंबर घरी नेणाऱ्या गाडीची वाट बघत लॉबीत बसले होते, इअरफोन कानातच. मी विचारलं, "आता कशाला ऐकताय?" तर म्हणाले, "पहिली परत सांगताहेत."

मंगळवारी मेट्सनी मिलवॉकीत पहिली मॅच ८-४ नं जिंकली. बुधवारी सकाळी आजोबा वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर, निळी टोपी घालून. काट्यावर उभे राहिले. एका दिवसाआड तीन किलो चारशे ग्रॅम जास्त.

मी आकड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "हॉट डॉग?"

ते छताकडे बघायला लागले.

"किती?"

"लिंडोरचा नंबर बारा आहे," ते म्हणाले. "तेवढे नाही खाल्ले."